तारा सुकलालचा, कोठी ललिताची

आपल्या मागे आपलं नाव उरावं, ही माणसाची सर्वात जुनी आणि सर्वात उदात्त इच्छा आहे. राजांनी त्यासाठी दगड कोरले, साधुसंतांनी देह झिजवला. शिरपूरला हे काम पंडित लोटन चौधरी यांच्या भांड्यांच्या दुकानात दहा मिनिटांत होतं, आणि भांडं तिथूनच घेतलं असेल तर फुकट.

पंडितकडे नाव टाकायचं मशीन होतं. जाड पेनाएवढं, शेपटीला वायर. बटण दाबलं की टर्रर्र करत स्टीलवर अक्षरं उमटत जात. या मशीनवर पंडितने अर्ध्या तालुक्याची घागर-परात हाताळली होती, आणि एवढ्या वर्षांत त्याचा एक सिद्धान्त तयार झाला होता: आहेराच्या भांड्यावर नाव देणाऱ्याचं. घेणाऱ्याला भांडं मिळतंच आहे, त्याला आणखी नाव कशाला? ज्याचा पैसा त्याचं नाव. एकदा पुण्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने नवरा-नवरीचं नाव टाकायला सांगितलं, तेव्हा पंडितने ते कोरून दिलं खरं. पण नंतर आठवडाभर तो ही गोष्ट लोकांना सांगत होता, शहरात माणसं कशी बिघडतात याचा दाखला म्हणून.

या सिद्धान्ताचा परिणाम त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात रोज दिसे. त्याची बायको सकाळी 'धना सुपडू, बेटावद' या पातेल्यात चहा ठेवी, 'कै. भिकुबाई यांचे स्मरणार्थ' या परातीत कणीक मळी आणि रात्री दूध 'समस्त मित्रमंडळ' यांच्यात विरजी. घरात एकशे चाळीसच्या वर भांडी होती. तिचं नाव त्यातल्या चमच्यावरही नव्हतं.

तसं ते कुठेच नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका उपकेंद्रात तिने बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली. तिथल्या सगळ्या पाड्यांना ती 'नर्सबाई' होती. सरकारला ती 'श्रीमती एल. पी. चौधरी' होती. घरात 'पुनमची आई', माहेरी 'अक्का'. माहेरही चौधरी आणि सासरही चौधरी, त्यामुळे लग्नात आडनाव बदलण्याची गंमतसुद्धा तिच्या वाट्याला आली नव्हती. तिला नावाने हाक मारणारी शेवटची व्यक्ती म्हणजे तिची आई. ती जाऊन नऊ वर्षं झाली. आपण तिला ललिता म्हणू. कुणीतरी म्हणायला हवं.

ललिताची जन्मतारीख, शाळेत नाव घालताना गुरुजींना सोयीची वाटली म्हणून, एक जून होती. म्हणून ती एकतीस मे रोजी निवृत्त झाली. खान्देशात एकतीस मेला चव्वेचाळीस अंश तापमान असतं आणि प्रत्येक गावात एक तरी सेवापूर्ती सोहळा असतो.

उपकेंद्रासमोर मांडव घातला होता. मागे भलामोठा फ्लेक्स होता: 'आमच्या लाडक्या नर्सबाई सौ. एल. पी. चौधरी यांचा सेवापूर्ती सोहळा'. फ्लेक्सवर ललिताचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो कलिंगडाएवढे. पाड्यांवरून बाया आल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. त्यातल्या निम्म्या पोरांना ललितानेच जगात ओढून काढलं होतं. काहींच्या आयांनासुद्धा.

आहेर माइकवरून पुकारायचं काम रुपचंद गुरुजींकडे होतं. शाली झाल्या, श्रीफळं झाली, भिंतीवरची चार घड्याळं झाली. ज्या माणसाला आता वेळेवर कुठेच पोचायचं नाही, त्याला घड्याळ देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पंडित पहिल्या रांगेत बसून प्रत्येक घड्याळाच्या काचेवर देणाऱ्याचं नाव आहे की नाही ते बघत होता. होतं.

मग सुकलाल उठला.

सुकलाल हा ललिताचा धाकटा भाऊ. एरंडोलला त्याचं कृषी सेवा केंद्र होतं, बी-बियाणं, खतं, औषधं. दानशूर माणूस. गावच्या स्मशानभूमीत त्याने दोन बाक दिले होते, स्टँडजवळ एक पाण्याची टाकी, शाळेत तीन पंखे. बाकांवर, टाकीवर आणि तिन्ही पंख्यांच्या प्रत्येक पात्यावर त्याचं नाव होतं. पंखा बंद असताना ते वाचता येई, त्यामुळे वीज गेली की सुकलालला तेवढं वाईट वाटत नसे. त्याने पांढऱ्या शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढून गुरुजींना दिली आणि ललिताकडे बघून डोळे मिचकावले. महिनाभर तो फोनवर सांगत होता, "अक्का, असा आहेर करतो की बठ्ठा खान्देशात कोणी केला नसंल."

गुरुजींनी माइकवर वाचायला सुरुवात केली. "एरंडोलचे प्रगतिशील व्यावसायिक श्री. सुकलाल जीवराम चौधरी यांच्याकडून त्यांच्या भगिनीस... एक..." त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "एक तारा."

"गाडी शे का?" मागून कुणीतरी आशेने विचारलं.

"आकाशातला," गुरुजी म्हणाले, आपला या प्रकाराशी काही संबंध नाही अशा आवाजात.

मांडवात कुजबुज झाली. सुकलालने स्वतः माइक घेतला आणि समजावून सांगितलं. परदेशात एक कंपनी आहे. ती ताऱ्याला आपण सांगू ते नाव देते. रजिस्टरात नोंद होते, सर्टिफिकेट येतं, नकाशा येतो. जगात कुठेही गेलं तरी तारा तोच. "घड्याळ बंद पडतं," तो घड्याळवाल्यांकडे बघत म्हणाला, "शाल विरते. तारा काय होत नाही त्याला!"

"केवढ्याला पडला?" पंडितने शेजारच्याला विचारलं.

"चार हजार आठशे," सुकलालने माइकवरूनच उत्तर दिलं.

ललिता खुर्चीत बसून होती, मांडीवर शालींचा ढीग, त्यामुळे घामाने भिजलेली. खरं तर तिला राग यायला हवा होता. एवढ्या पैशात उपकेंद्राला वजनकाटा आला असता. जे आपलं नाही, ज्याला हात लावता येत नाही, ते कुणीतरी विकतं आणि कुणीतरी घेतं, हा शुद्ध खुळेपणा आहे हे तिला शंभर टक्के कळत होतं. पण राग आला नाही. कुठल्यातरी परक्या देशातल्या रजिस्टरात, कुणीतरी, आगेमागे काही न लावता, लिहिलं असेल: ललिता. स्वतः आयुष्यभर रजिस्टरं लिहिलेल्या बाईला त्या रजिस्टराचं पान डोळ्यांसमोर दिसलं. रकाना, शाई, नाव. तिने पदराने डोळे टिपले आणि घाम पुसल्यासारखं केलं.

सुकलालचा मुलगा भूषण फ्रेम घेऊन पुढे आला. जळगावला इंजिनिअरिंगला होता. सर्टिफिकेट इंग्रजीत, सोनेरी कडा, खाली कुणाचीतरी लफ्फेदार सही. गुरुजी म्हणाले, "बाळ, सर्वांना कळेल असं मराठीत वाच."

भूषणने घसा साफ केला. "या तारखेपासून या ताऱ्याला पुढील नावाने ओळखलं जाईल." तो थांबला. त्याचं त्यालाच काहीतरी खटकलं असावं. मग त्याने भरभर वाचून टाकलं. "सुकलाल जीवराम चौधरी, एरंडोल."

टाळ्या पडल्या.

हे नीट सांगायला हवं. कुणी चमकलं नाही, कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही. टाळ्या पडल्या, आणि त्या मनापासून होत्या. पंडितने तर मान डोलवली. "बरोबर आहे," तो म्हणाला, "देणाऱ्याचं नाव." झालं होतं ते एवढंच: भूषणने कंपनीचा फॉर्म भरताना विचारलं होतं, "पप्पा, इथे नाव मागतायत, कोणाचं टाकू?" आणि सुकलाल म्हणाला होता, "कोणाचं म्हणजे? आहेर कोण करतंय?" एवढ्या वर्षांत हजार भांडी ज्या पद्धतीने या घरातून त्या घरात गेली, त्याच पद्धतीने ताराही गेला होता.

ललिताने फ्रेम हातात घेतली. नाव वाचलं. गावासकट होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बुधीबाई बोलली. बुधीबाई पाड्यावरची म्हातारी दाई. नवीन नर्सबाई आली तेव्हा तिने तिला सहा महिने शिव्या घातल्या होत्या आणि नंतर सव्वीस वर्षं तिच्याशिवाय एका बाळंतिणीला हात लावला नव्हता. तिला जे कळलं नाही ते ती विचारत असे, मोठ्याने, कारण तिला ऐकूही कमी यायचं.

"तारानं नाव सुकलाल," ती म्हणाली. "मंग बाईनं नाव काय शे?"

सरपंचांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी वळून फ्लेक्सकडे पाहिलं.

"एल. पी.," गुरुजी म्हणाले.

"ते काय नाव शे?"

"एल म्हणजे... लता असेल," सरपंच म्हणाले.

"लीला," मागून एक बाई म्हणाली. "माझ्या पोराच्या कार्डावर सही आहे. ली असं दिसतं."

"लक्ष्मी व्हई!"

"लैला," कुणीतरी पोरगा म्हणाला आणि त्याला त्याच्या आईने धपाटा घातला.

बुधीबाई सगळ्यांकडे बघत राहिली. "बठ्ठा पोरेसना नावे बाईले पाठ शेतस," ती म्हणाली, "आन् बाईनं नाव कोनलेच माहीत नही?"

ललिताने पंडितकडे पाहिलं. पंडितला अर्थातच नाव माहीत होतं. पण भर सभेत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे काय, उखाणा आहे का? तो शालीची घडी बघू लागला.

कार्यक्रमपत्रिकेत आहेर संपल्यावरचा विषय होता 'सत्काराला उत्तर'. ललिताने त्यासाठी तीन पानं लिहून आणली होती. त्यात मा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपासून उपकेंद्राच्या शिपायापर्यंत सर्वांचे आभार होते, क्रमवारीने. ती उठली, तेव्हा मांडीवरच्या शाली खाली पडल्या. तिने त्या उचलल्या नाहीत. तीन पानं तिने फ्रेमच्या मागे खोचली आणि माइक धरला.

"ललिता," ती म्हणाली. माइकने शिट्टी मारली. तिने तो लांब धरला आणि पुन्हा म्हणाली, "ललिता. लता नाही, लीला नाही. एल म्हणजे ललिता."

कुणीतरी टाळी वाजवली, एकच.

"थांबा, संपलं नाही. बत्तीस वर्षं तुमच्या पोरांची नावं मी रजिस्टरात लिहिली. नाव ठरलं नसेल तर मुलगी असं लिहून मोकळ्या व्हा, असं वरून सांगायचे. मी मोकळी झाले नाही. नाव सांगितल्याशिवाय मी चहाला हात लावायची नाही, माहीत आहे ना? कधी कधी दोन दोन तास बसायची. नाव नसेल तर मी सुचवायची. यातल्या चाळीस पोरींची नावं माझी आहेत. एकीचंही मी ललिता ठेवलं नाही, स्वतःची जाहिरात केल्यासारखं वाटायचं." ती थांबली. "चुकलंच माझं."

मग ती सुकलालकडे वळली. "सुकलाल, तारा घेऊन जा."

सुकलाल उठून उभा राहिला. "अक्का, तारा तुनाच शे! नाव तेवढं मनं शे."

"मग त्यात माझं काय आहे?"

"बाकी बठ्ठा तारा!"

हशा झाला. ललिता हसली नाही. "बाई बाळंत होते आणि नाव बापाचं लागतं. ते मी रोज लिहिलं, कधी तक्रार केली नाही. पातेल्यापासून परातीपर्यंत दुसऱ्यांची नावं घासली, तेही चालवून घेतलं. आता वर आकाशातसुद्धा हेच?"

"लोकेस्ले कसं कळी मंग, कोनी दिधा ते?"

"कळायला कशाला हवं? मला दिलास ना?"

सुकलालच्या आयुष्यात हा प्रश्न आलाच नव्हता. "चार हजार आठशे मोजले अक्का," तो शेवटी म्हणाला.

"मग जपून ने. काच आहे."

आणि तिने फ्रेम त्याच्या हातात दिली. रुपचंद गुरुजींनी प्रसंग ओळखून पसायदान जाहीर केलं. ते नेहमी जेवणाआधी असतं. त्या दिवशी ते आहेराच्या मध्येच झालं आणि पाच आहेर पुकारायचे राहिले. त्या पाच जणांनी पुढे बरेच दिवस सुकलालला दोष दिला.

घर आल्यावर पंडित म्हणाला, "चार लोकांत भावाचा अपमान केला तू."

"नाव सांगितलं माझं," ललिता म्हणाली.

"तेच म्हणतो मी."

दुसऱ्या दिवशी एक जून. सरकारी वाढदिवस. सकाळी दहाला ललिता नेसून, पर्स घेऊन बाहेर पडली आणि नवऱ्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी राहिली.

"काय गं?" पंडित म्हणाला. "डबा विसरलो का?"

"कोठी दाखवा. धान्याची. चाळीस किलोची."

"घरात आहे की कोठी."

"ती 'जीवराम दगडू, एरंडोल' आहे. मला दुसरी पाहिजे. आहेर करायचाय."

पंडितने सवयीने फडकं उचललं. "कोणाला?"

"मला."

"करतंय कोण?"

"मीच." तिने पर्समधून पैसे काढून गल्ल्यावर ठेवले. "ज्याचा पैसा त्याचं नाव. तुम्हीच म्हणता ना?"

सिद्धान्ताला कुठेतरी भोक असेल म्हणून पंडित शोधत होता. सिद्धान्त त्याने स्वतःच बनवला होता, चांगला मजबूत बनवला होता. त्याने कोठी खाली काढली, पुसली, वायर लावली.

"सौ. ललिता पंडित चौधरी," तो मशीन टेकवत पुटपुटला.

"नाही. नुसतं ललिता."

"नुसतं ललिता? कोणती ललिता? शिरपुरात पन्नास ललिता असतील."

"त्यांनी आपापल्या कोठ्या घ्याव्यात."

"अगं, गाव नाही, आडनाव नाही. लग्नाकार्यात कोठी गेली तर परत कशी येईल?"

"मी जाऊ देणार नाही."

"बरं," पंडित म्हणाला आणि मुगाच्या दाण्याएवढं 'ल' काढायला वाकला. नाव टाकायचं माप तेच. सगळा तालुका त्याच मापात होता.

"एवढंसं नाही. एवढं." ललिताने पंजा पसरून दाखवला.

"वेडी झालीस का? दुकानाची पाटी आहे का ती?"

"स्मशानातल्या बाकावर चालतं, पंख्याच्या पात्यावर चालतं. माझ्या कोठीवर का नाही?"

पंडितने कोठी फिरवून पाहिली. "समोर कडी आहे," तो म्हणाला, आता निव्वळ कारागीर म्हणून. "वर कंपनीचा छाप. एवढं मोठं समोर मावणार नाही. मागची बाजू सगळी मोकळी आहे."

"मग मागे टाका. पण एवढंच पाहिजे."

दहा मिनिटांच्या कामाला त्या दिवशी पाऊण तास लागला. पंजाएवढं अक्षर पंडितने कधी काढलं नव्हतं; आधी खडूने आखलं, मग दुहेरी रेघ मारली, मग मधली जागा बारीक ठिपक्यांनी भरली. दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली आणि बघत राहिली. "कोणाचा आहेर आहे हो पंडितभाऊ?" एकाने विचारलं.

मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवावं, असं पंडितला वाटलं. मग त्याने मशीन बंद केलं.

"ललिताचा," तो म्हणाला. मान वर न करता, पण म्हणाला.

"नाव टाकायचे किती?" ललिताने विचारलं.

"दुकानातून घेतलं की फुकट."

"नको. लावा पैसे." तिने दहाची नोट ठेवली आणि पावती मागितली. पावतीवर पंडित 'श्रीमती एल. पी.' लिहायला लागला तेव्हा तिने तीही बदलून घेतली.

जूनच्या मध्यावर भूषण आला. पेढे घेऊन, आत्याची माफी मागायला. कंपनीला त्याने मेल केला होता. उत्तर आलं की नोंद कायमस्वरूपी असल्यामुळे नाव बदलता येत नाही; मात्र तेवढेच पैसे पुन्हा भरल्यास येतं.

"राहू दे," ललिता म्हणाली. "फ्रेम कुठे आहे?"

"दुकानात लावलीय पप्पांनी, कपाशीच्या बियाण्याच्या कॅलेंडरशेजारी. लोकांना वाटतं परदेशातला पुरस्कार आहे. अभिनंदन करतात."

"आणि तो काय म्हणतो?"

"थँक्यू म्हणतात." भूषणने पेढ्याच्या बॉक्सची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "आत्या, अजून एक आहे. मी मोबाइलवर शोधला तो तारा. फार दक्षिणेला आहे. आपल्याकडे उगवतच नाही. एरंडोल नाही, शिरपूर नाही, कुठूनच दिसत नाही. कधीच."

ललिता हसली. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच, पोट धरून हसली. "चार हजार आठशे," ती म्हणाली, "आणि दिसतच नाही! चल, तुला माझी दाखवते."

ती त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्याच्या शेजारी कोपऱ्यात नवी कोठी होती, लखलखीत, गळ्यापर्यंत दादर ज्वारी भरलेली. भूषणने पुढून पाहिलं, डावीकडून पाहिलं, मग फ्रिजच्या फटीत डोकं घालून पाहिलं.

"नाव कुठे आहे, आत्या?"

कोठी उघडायची तर कडी समोर लागते. नाव मागच्या बाजूला आहे. मागे भिंत आहे, आणि चाळीस किलो दादर भरल्यावर कोठी हलत नाही.